नळ्यांखालचा मजकूर

जुनी इंग्लिश दुनळी हातात आली की नजर आधी नावाकडे जाते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘पर्डी’ किंवा ‘हॉलंड अँड हॉलंड’ अशी अक्षरं दिसली की माणूस हरखतो आणि पारख तिथेच थांबते. माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी वाचावं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी, पुढचं लाकूड काढावं, नळ्या सुट्या करून उलट्या धराव्यात आणि मुळाशी असलेल्या सपाट जागेवरचे बारीक ठसे भिंगाखाली वाचावेत. बंदूक कधी तपासली गेली, कुठल्या दारूसाठी, तेव्हा नळीचं भोक केवढं होतं, हे तिथे लिहिलेलं असतं. वरच्या नावापेक्षा हा मजकूर जास्त भरवशाचा.

हे ठसे म्हणजे ‘प्रूफ’. नळीत नेहमीपेक्षा कितीतरी जबर बार भरायचा आणि उडवून पाहायचा. नळी फुटली नाही, फुगली नाही, तर तिच्यावर ठसा. लंडनच्या तोफा-बंदुका बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. बर्मिंगहॅममध्ये १८१३ च्या कायद्याने वेगळं प्रूफ हाउस उभं राहिलं. लंडन आणि बर्मिंगहॅमची ही दोन्ही प्रूफ हाउसं आजही चालू आहेत, आणि प्रूफमधून बाद झालेली बंदूक वापरासाठी म्हणून विकणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. मुकुटाखाली ‘जीपी’ ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं दिसली तर लंडन. मुकुटाखाली ‘बीपी’ किंवा ‘बीव्ही’ दिसलं तर १९०४ नंतरचं बर्मिंगहॅम. धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी तपासणी झाली असेल तर ‘नायट्रो प्रूफ’ असं नोंदलेलं असतं. ते नसेल तर ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली आहे असं धरून चालावं आणि आजचं काडतूस तिच्या आसपासही आणू नये.

पण ठसा सांगतो त्या दिवसाची गोष्ट. त्यानंतरच्या शंभर वर्षांत काय झालं ते मोजूनच कळतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं बारा बोअरच्या नळीचं भोक: ०.७२९ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. १९५४ पर्यंत हे माप इंचात न ठोकता अशाच आकड्यांत ठोकत. नळीवर ‘१२’ असेल तर तपासणीच्या वेळी भोक ०.७२९ इंचापासून पुढे होतं. ‘१३/१’ असेल तर ०.७१९ ते ०.७२८ च्या दरम्यान. आता ‘१३/१’ लिहिलेली नळी आज मापकाने ०.७३५ भरली, तर मधलं पोलाद गेलं कुठे? नळीत गंजाचे खड्डे पडले होते आणि कोणीतरी आतून घासून ती आरशासारखी करून दिली, हेच त्याचं उत्तर. ठोकलेल्या मापापेक्षा आठ-दहा हजारांश इंचांहून अधिक वाढलेली नळी प्रूफमधून बाद होते. म्हणजे जी चकाकी पाहून गिऱ्हाईक खूश होतं, तीच बंदुकीला बाद करणारी असू शकते.

याहून महत्त्वाचं माप म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी. ठशांत ते कुठेच नसतं, आणि लिलावाच्या यादीत दिलं असलं तरी आपण स्वतः किंवा आपल्या कारागिराकडून मोजून घ्यावं. मुळाशी भिंत जाड असते, पुढे उतरत जाते. मुळापासून आठ-नऊ इंचांपुढे ती बरीच पातळ झालेली असते, आणि नेम धरताना डाव्या हाताची बोटं तिथेच असतात. वीस हजारांश इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ही इंग्लिश कारागिरांची जुनी लक्ष्मणरेषा. त्याखालची नळी मी शोभेची मानतो, मग तिच्यावर कोणाचंही नाव असो. लाकूड बदलता येतं, कमान नवी घडवता येते. गेलेलं पोलाद मात्र परत येत नाही. म्हणून जुनी बंदूक घेणारा माणूस खरं तर उरलेलं पोलाद विकत घेत असतो.

नळ्या पाहण्याच्या बाकीच्या रीती साध्या आहेत आणि मला त्या फार आवडतात, कारण त्यांना डोळे, कान आणि सवय एवढंच लागतं. नळ्यांची जोडी खालच्या आकड्याने एका बोटावर लोंबकळत धरावी आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. सांधे शाबूत असतील तर सूर लांबतो. नाद भद्द आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे, आणि सुटलेल्या पट्टीखाली पाणी शिरून आतून गंज चालू असतो. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहावं: आतली सावलीची वर्तुळं एकसारखी हवीत. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पोचा. पूर्ण कडं दिसलं तर नळी फुगलेली. शेवटी तोंडाकडून पाहावं. दुनळीच्या नळ्या पुढे जाताना एकमेकींकडे झुकतात आणि तोंडाशी जवळजवळ टेकतात. तिथे फट असेल आणि ती कथिलाने भरलेली असेल, तर नळ्या कापून आखूड केल्या आहेत. त्याबरोबर तोंडाशी ठेवलेला चोक, म्हणजे भोकाचा आवळलेला भाग, तोही गेला. काही बंदुकांत जुन्या नळ्या मुळाशी तीनेक इंच ठेवून पुढे नव्या बसवलेल्या असतात. ब्रिटनमध्ये अशा नळ्यांवर तसा शब्द ठोकावा लागतो. अशी बंदूक वापराला उत्तम असू शकते, पण संग्राहकाच्या दृष्टीने ती अर्धी नवी.

दमास्कस नळ्यांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नवशिक्या खरेदीदाराला त्याच सर्वांत जास्त भुरळ घालतात. लोखंड आणि पोलादाच्या सळया एकत्र तापवून पिळायच्या, पिळलेल्या सळया शेजारी शेजारी जोडून त्यांची पट्टी करायची, ती दांड्याभोवती गुंडाळत ठोकत नळी घडवायची आणि शेवटी आम्लाने धुऊन त्या पिळांची वेलबुट्टी वर आणायची. बर्मिंगहॅममध्ये आणि बेल्जियमच्या लीएज भागात हे काम करणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंता व्हिटवर्थ याचं दाबून घट्ट केलेलं एकसंध पोलाद आलं आणि ही कला हळूहळू विझली. चांगली दमास्कस नळी दुबळी असते हा समज सरसकट खरा नाही. नायट्रो प्रूफ झालेल्या आणि जाडी राखून असलेल्या दमास्कस नळ्या इंग्लंडात आजही वापरल्या जातात. पण प्रत्येक नळी स्वतंत्रपणे तपासलेली हवी. साध्या नळीवर वरवर दमास्कसची नक्षी उमटवलेल्या स्वस्त बंदुकाही त्या काळात भरपूर निघाल्या. अस्सल नळीत नक्षीचा पीळ सलग फिरत पट्टीच्या कडेखाली जातो. नकलीत तो कुठेतरी तुटतो किंवा एकसुरी होतो.

नळ्या पास झाल्या की बंदूक जोडून तिची बैठक पाहावी. पुढचं लाकूड न लावता नळ्या बंद करून हलवाव्यात. खडखड जाणवली, किंवा नळ्या आणि अॅक्शन (नळ्या ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा) यांच्यामधून उजेड दिसला, तर ती सैल झाली आहे. हे दुरुस्त होतं, मात्र किमतीत धरावं लागतं. चेंबरची, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेची, लांबीही मोजावी: जुन्या इंग्लिश बारा बोअरची बहुधा अडीच इंच असते आणि आजची काडतुसं पावणेतीन इंचांची. काडतूस आत बसतं म्हणून ते चालतं असं नव्हे. उडताना त्याचं तोंड उलगडायला पुढे जागा हवी, नाहीतर दाब वाढतो.

मग स्क्रू. उत्तम लंडन बंदुकीत स्क्रूंच्या खाचा एका रेषेत, नळ्यांना समांतर असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. त्या चिरडलेल्या दिसल्या की समजावं, चुकीच्या हाताने आत डोकावलेलं आहे. दस्त्याच्या लाकडाला लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, मागे बारीक भेगा आहेत का, तेल मुरून लाकूड काळं आणि मऊ झालंय का, हेही पाहावं. जुन्या अक्रोडाचं लाकूड तेल पिऊन सुजतं आणि नंतर धक्क्याने चिरतं.

नवी झळाळी दिलेली बंदूक मला पाहवत नाही. अॅक्शनच्या पोलादावर हाडांच्या कोळशात तापवून आणलेले निळे-तपकिरी ढग असतात. हाताळून ते झिजतात आणि रुपेरी पोलाद उरतं. ती झीज प्रामाणिक आहे. ती घालवायला कोणी बफिंगचं चाक लावलं की कोरीवकामाच्या रेघा बुजतात, कडा गोल होतात, अक्षरांची टोकं पुसट होतात. आपल्याकडे तर जुन्या बंदुकांना निकेलचा मुलामा देण्याचीही हौस होती. ज्या कोरक्याने भिंगाखाली आठवडेच्या आठवडे गुलाबाची पानं कोरली, त्याची मेहनत एका दुपारी मिटते. मूळ रंगाचा दहावा हिस्सा उरलेली बंदूक शंभर टक्के नव्या रंगाच्या बंदुकीपेक्षा केव्हाही वरची, आणि जाणते खरेदीदार पैसेही तसेच मोजतात.

आता नाव. जोसेफ मँटन, त्याच्या हाताखालून निघून १८१४ मध्ये स्वतःचं दुकान काढणारा जेम्स पर्डी, बॉस, वुडवर्ड, हॉलंड ही लंडनची घराणी; बर्मिंगहॅमचं मोठं नाव वेस्टली रिचर्ड्स. याच कारखान्यात अॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये बॉक्सलॉक आणलं, आणि नंतर जगभरच्या दुनळ्यांनी ते उचललं. पर्डीची आपोआप उघडणारी साइडलॉक ही मुळात फ्रेडरिक बीस्ली याची १८८० ची कल्पना. पर्डीने तिचे हक्क विकत घेतले आणि आजही तीच वापरतात. या नावांच्या नकला त्यांच्या हयातीतच झाल्या. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ किंवा ‘जे. मँटन’ लिहिलेल्या कितीतरी बंदुका बेल्जियमच्या आहेत. नळ्या उलट्या केल्या की लंबगोलात ‘ईएलजी’ ही लीएजची अक्षरं दिसतात आणि वरचं नाव गळून पडतं.

भारतात सापडणाऱ्या बंदुकांवर आणखी एक प्रकार दिसतो: ‘मँटन अँड कंपनी, कलकत्ता’, ‘आर. बी. रॉडा, कलकत्ता’. ही खरी आणि नामांकित दुकानं. १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुलं पळवली ती याच रॉडाच्या मालातून. पण त्यांच्या नावाच्या बंदुका बऱ्याचदा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनून येत. त्यात कमीपणा काही नाही. किंमत मात्र लंडनच्या नावाची देऊ नये. बड्या घराण्यांनी आपली जुनी बुकं जपली आहेत. अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं की बंदूक कधी, कोणासाठी, किती लांबीच्या नळ्यांची बनली याचा उतारा मिळतो. बुकात तीस इंच आणि हातात अठ्ठावीस असेल, तर पुढचा प्रश्न आपणच विचारायचा.

दुनळी रायफल ही याहून अवघड चीज. दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर गोळ्या झाडून पाहत, नळ्यांमधली पाचर सरकवत, पुन्हा झाडून पाहत. हा मेळ एका ठरावीक भाराशीच बांधलेला असतो. ०.४७० बोअरच्या रायफलीच्या नळ्यांवर ७५ ग्रेन कॉर्डाइट दारू आणि ५०० ग्रेनची गोळी असा भार नोंदलेला सापडतो. वेगळा भार घातला की गोळ्या फाकतात. म्हणून तिच्या बाबतीत कागदावरच्या लक्ष्याचा ताजा नमुना पाहिल्याशिवाय सौदा करू नये. ०.४७० चा जन्मही भारताशी जोडलेला आहे. बंदूककार रिग्बीने १८९८ मध्ये ०.४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं आणि ते लगेच लोकप्रिय झालं. पण वायव्य सरहद्दीवर त्याच मापाच्या चोरीच्या मार्टिनी-हेन्री रायफली फिरत होत्या. त्यांना हा माल उपयोगी पडेल या भीतीने सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात ०.४५० वर बंदी घातली. मग कारखानदारांनी ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी शेजारची मापं काढली. बंदीनंतरच्या सालात ०.४५० थेट भारतात कोणा संस्थानिकासाठी आली असं विक्रेता सांगत असेल, तर पुरावा मागावा.

पुराव्यावर किंमत किती फिरते याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला निघाले तेव्हा त्यांना भेट मिळालेली फॉक्स दुनळी २०१० च्या लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. तिच्यासोबत कागदोपत्री अखंड साखळी होती. शिकारी जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली; त्याबद्दल मिळालेली ०.२७५ ची रिग्बी रायफल तर साधीच आहे, पण दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर सगळी हकिगत कोरलेली आहे. अशी पट्टी नसेल, बुकातली नोंद नसेल, तर ‘अमुक महाराजांची बंदूक’ ही फक्त गोष्ट असते, आणि गोष्टीचे पैसे देऊ नयेत.

आपल्याकडे संस्थानांच्या शिकारखान्यांत आणि शिलेखान्यांत अशा बंदुका पेट्यांनी आल्या. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात त्या जगाची सावली दिसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झालं. बंदुका मात्र घरोघरी उरल्या, आणि आज त्यांच्यापुढचा प्रश्न कायद्याचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्याच मर्यादेत मोजल्या जातात. जी बंदूक दुरुस्त करूनही चालू शकत नाही अशा पुराण्या वस्तूला शस्त्र कायद्यात सूट आहे; चालू अवस्थेतल्या शतायुषी पर्डीला परवाना लागतोच. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावरही बंधनं आहेत, म्हणून लंडनच्या लिलावातले आकडे पाहून इथे भाव ठरवणं व्यर्थ.

मर्यादेपेक्षा जास्त असलेली आजोबांची दुनळी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली आहे. जमा करण्याआधी नळ्यांखालच्या ठशांचे, अनुक्रमांकाचे आणि लॉकच्या आतल्या बाजूचे फोटो काढून घ्यावेत. आतलं उघडायला जाणकारच गाठावा. घरचा स्क्रूड्रायव्हर लावू नये. जुनी पावती, परवान्याची पहिली प्रत, पेटीच्या झाकणाआतला छापील कागद फेकू नये, पेटीपासून तोडूही नये. दोन बंदुकांच्या पट्टीवर सोन्यात ‘१’ आणि ‘२’ असे आकडे असतील तर ती जोडी आहे. कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची हे भावांनी ठरवण्याआधी दोघींचे अनुक्रमांक एकत्र लिहून कारखान्याला कळवावेत, कारण जोडी फुटली की तिची एकत्र नोंद तेवढीच उरते.