उतरलेलं वजन परत का वाढतं?

वस्तीतल्या तपासणीत वजनकाट्यावर उभ्या राहताच एक ताई म्हणाल्या, "सिस्टर, मागच्या वर्षी आठ किलो उतरवलं होतं. सगळं परत आलं. माझ्या जिभेलाच लगाम नाही." असं म्हणणाऱ्या भगिनी आम्हाला नेहमी भेटतात. त्यांना आम्ही आधी सांगतो, दोष एकट्या जिभेचा नाही.

अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करते. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. त्याच वेळी भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं की वजन उतरवून वर्ष लोटलं तरी ही वाढलेली भूक शमलेली नव्हती. शिवाय शरीर काटकसर करू लागतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर नुसतं बसल्याजागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. जवळजवळ एका जेवणाएवढ्या!

आता आपला दिवस बघा. सकाळी चहा-बिस्किटावर बाहेर पडायचं, चार घरची धुणीभांडी करायची, दुपारचं जेवण टाळायचं, कारण वजन उतरवायचंय. संध्याकाळी नाक्यावर तळणाचा वास आला की दोन वडापाव कधी संपले कळतही नाही. याला हाव कशी म्हणायची? दिवसभराची उधारी आहे ती. म्हणून निघण्यापूर्वी भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा अंडं खा. प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सुकटही चालेल, पण बीपी असेल तर तिच्यातलं मीठ लक्षात ठेवा. झोप मोडली तरी भूक वाढते. पाण्याच्या वेळेसाठी पहाटे उठणाऱ्या बाईला आठ तास झोप म्हणणं सोपं आहे. निदान रात्रीची मालिका तरी सोडा. फरसाणाचा पुडा घरात आणूच नका, समोर असला की संपतोच.

आठ किलोंचा हट्टही नको. ८० किलोंच्या बाईनं चार किलो उतरवून टिकवले, तरी साखर आणि बीपीला फरक पडतो.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग जेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.