बाटलीतली ऑर्किडची रोपं

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. म्हणून रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात. ती आपल्याकडे येतात तेव्हा बाहेरच्या हवेची त्यांना सवय नसते. मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावी, नाहीतर बुरशी धरते. मग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा यांत लावावीत. माती मुळीच नको, मुळं गुदमरतात. सुरुवातीला सावली आणि दमट हवा हवी. पाणी सकाळी फवारावं. रात्री पानांच्या बेचक्यात साचलं की रोप कुजतं.

डेंड्रोबियमच्या रोपाला फुलं यायला २-३ वर्षं लागतात. म्हणून आम्ही गटात सांगतो, यासाठी कर्ज उचलू नका. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. चौघींनी मिळून एकच बाटली आणा, पावसाळाभर जगवून बघा.