उपवासकाळातले न मोजलेले रविवार

इथे शहाद्याकडे पळस फुलतो त्याच सुमारास ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, येतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, संपतो. याला चाळीस दिवसांचा काळ म्हणतात. पण कॅलेंडर घेऊन मोजा बरं. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. मग वरचे सहा कुठले?

ते सहा रविवार. येशू रविवारी उठला अशी श्रद्धा आहे, म्हणून प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. तो उपासात धरत नाहीत. म्हणजे पाहा, आशेचा दिवस चाळीस दिवस संपायची वाट पाहत नाही. तो दर आठवड्याला मध्येच येतो.

आता एक प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. घरातलं माणूस गेलेलं असताना पुनरुत्थानाची भाषा म्हणजे नुसती समजूत घालणं नाही का? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर आपण तर्कापेक्षा एका आयुष्यात शोधू.

पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळातल्या भटकंतीत गेले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १८८२ साली पती गेले. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावला 'मुक्ती' उभं केलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी हिब्रू आणि ग्रीक मूळावरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम रमाबाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, ऐन उपवासकाळात, त्या वारल्या. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता. बायबल पूर्ण छापून झालं १९२४ साली. दोन्ही त्यांनी पाहिलं नाही.

इथे अंदाज आणि आशा यांतला फरक कळतो. ढग पाहून पाऊस येईल म्हणणं हा अंदाज. ढग गेले की तोही जातो. फळ आपल्या हाती पडेल याची खात्री नसतानाही आजचं काम नेटानं करत राहणं, ही आशा. रमाबाईंकडे अंदाज बांधायला काय उरलं होतं?

आणखी एक. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू थोमाला आपल्या हातांवरचे व्रण दाखवतो. व्रण पुसले गेलेले नाहीत. म्हणजे पुनरुत्थान मानणाऱ्यानेही दुःख झालंच नाही असं मानायचं नसतं.

म्हणून ज्यांच्या घरात यंदा एक जागा रिकामी आहे, त्यांनी शोक आवरावा असं आम्ही म्हणणार नाही. चाळीस दिवस जरूर पाळावेत. रविवार तेवढे त्यांत धरू नयेत.