सुईविना औषध : नाकातला फवारा



ऊस विकास अधिकाऱ्याने औषधपाण्यावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या हंगामात एका फडात तोड चालू असताना टोळीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला फीट आली. एकाने चप्पल हुंगवली, दुसऱ्याने कांदा फोडला, तिसरा दातखिळी उघडायला चमचा घेऊन धावला. दवाखाना गाठेपर्यंत अर्धा तास गेला. तिथेही हातपाय झटके घेत होते, शीर काही सापडेना. पोरगा वाचला. पण डॉक्टर म्हणाले, "याला आधीपासून फिट्स येतात, मग नाकाचा फवारा जवळ का नाही ठेवला?" बापाने असे औषध असते हे ऐकलेच नव्हते. खरे सांगायचे तर मीही नव्हते.

या फवाऱ्यात मिडाझोलाम नावाचे औषध असते. दातखिळी बसल्यावर गोळी गिळता येत नाही, आणि सुई टोचायला जाणता माणूस लागतो. फवारा मात्र घरचे माणूसही मारू शकते. आपण युरिया मुळाशी देतो तसा पानावरही फवारतो. पान तो लवकर शोषते. नाकाचेही तसेच. आतली त्वचा पातळ, तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे. औषध पोटात न जाता सरळ रक्तात उतरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. फवारा धुक्यासारखा बारीक लागतो. थेंब मोठा पडला तर घशात उतरून वाया जातो.

नाकाची ही वाट नवी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 साली स्वाइन फ्लूची लस नाकातून दिली. 2023 च्या प्रजासत्ताक दिनी भारत बायोटेकची कोरोनाची नाकावाटे द्यायची लस आली. मात्र सगळीच औषधे अशी चालत नाहीत. साप चावल्यावरचे औषध शिरेतूनच द्यावे लागते, हे फडात काम करणाऱ्याने विसरू नये.

घरात फिट्सचा रुग्ण असेल तर एवढे ध्यानात ठेवा :

1) फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. मात्रा वय-वजनावर ठरते. जास्त झाली तर श्वास मंदावतो. दुसऱ्याचा फवारा वापरू नका.
2) कधी आणि किती मारायचा, हे डॉक्टरांकडून घरातल्या दोघा-तिघांनी शिकून घ्या. बाटलीवरची मुदत पाहत जा.
3) फीट आली की घड्याळ बघा. रुग्णाला कुशीवर वळवा, कोयता-दगड बाजूला करा. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका.
4) पाच मिनिटांत फीट थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन करा. फवारा मारला तरी करा.
5) अशा माणसाला विहिरीवर, कालव्यावर एकटे पाठवू नका.

आणि शेवटचे. फिट्स हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. पोरीचे लग्न मोडेल म्हणून आजार झाकू नका. उसावर काणी दिसली की आपण झाकतो का? लगेच उपाय करतो. माणसासाठी निदान तेवढे तरी करू या.

— ऊस विकास अधिकारी