दचकणे आणि जीव टांगणीला लागणे

भयपटाचे नाव काढले की पुष्कळ शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुले मात्र ते पाहतातच, आणि मधल्या सुट्टीत ‘मला मुळीच भीती वाटली नाही’ अशी फुशारकीही मारतात. चांगला भयपट किंवा रहस्यपट कसा पाहावा, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. आम्हांला वाटते, हा विषय जीवशास्त्राच्या तासाला घेण्यासारखा आहे. भीती, भीती असे आपण सरसकट म्हणतो, तरी पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेत दोन अगदी निराळ्या गोष्टी घडत असतात. जुन्या कसबी दिग्दर्शकांना हा फरक चांगला उमगला होता.

१९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तिच्यात हिचकॉक यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलापाशी गप्पा मारत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण ते त्यांना ठाऊक नाही आणि प्रेक्षकालाही नाही. अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो, संपले. आता तोच प्रसंग पुन्हा घ्या, पण या वेळी बॉम्ब ठेवताना आपण पाहिला आहे, आणि तो कधी फुटणार हेही आपल्याला माहीत आहे. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता असह्य होतात. ‘अहो, उठा तिथून!’ असे ओरडावेसे वाटते. स्फोट झाला नाही तरी हरकत नाही. तो पाव तास आपला जीव टांगणीला लागलेला असतो.

पहिला प्रकार म्हणजे दचकणे. ही शुद्ध प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिस्तुलाचा बार काढून माणसांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले होते. डोळे मिटतात, मान पुढे येते, खांदे वर उचलले जातात, कोपरे वाकतात, पोटाचे स्नायू आकसतात, आणि हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपते. पापण्या तर सुमारे ४० मिलिसेकंदांतच मिटू लागतात. रोज गोळीबाराचा सराव करणाऱ्या पोलिसांच्या पापण्याही मिटल्या. एवढ्या कमी वेळात विचार करणे शक्यच नसते. आवाजाचा संदेश कानातून मस्तिष्कस्तंभात जातो आणि तेथून थेट स्नायूंकडे वळतो. वाटेत मोजकेच चेतापेशींचे सांधे लागतात. म्हणून नवजात अर्भकही दचकते. तेव्हा दचकणाऱ्या मुलाला भित्रा म्हणण्यात काही अर्थ नाही, आणि नुसता मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवणाऱ्या दिग्दर्शकाचे फारसे कौतुक करण्याचेही कारण नाही. ते काम फुटणारा फुगाही करतो.

पण दचकण्याची तीव्रता मात्र कमीजास्त करता येते. दिवा लागला की विजेचा झटका बसतो, हे शिकलेले उंदीर दिवा लागलेला असताना आवाजाने अधिक जोराने दचकतात, असे १९५१ साली प्रयोगाने दाखवले गेले. मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाकडून मस्तिष्कस्तंभाला जणू ‘तयार राहा’ अशी सूचना गेलेली असते. माणसे उजेडापेक्षा अंधारात अधिक दचकतात, हेही प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. चित्रपटगृहाचा अंधार या धंद्याला आयताच मिळालेला आहे!

‘कॅट पीपल’ (१९४२) या चित्रपटात याचा फार सुंदर उपयोग केलेला दिसतो. निर्माते व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. हाताशी पैसा बेताचा, त्यामुळे अक्राळविक्राळ प्राणी उभा करणे परवडणारे नव्हते. एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीलगतच्या रस्त्याने एकटी चालली आहे. तिच्या मागे दुसरी स्त्री आहे, जी बिबळ्याचे रूप घेते असा संशय आहे. संगीत नाही. फक्त दोघींच्या टाचांचे आवाज, दिव्याचा उजेड, पुन्हा काळोख, पुन्हा उजेड. मग मागचा टाचांचा आवाज थांबतो. बस्स, एवढेच. आपला कान त्या शांततेत काहीतरी शोधू लागतो. तरुणी घाबरून पावले उचलते, मागे वळून पाहते, आणि त्याच क्षणी श्वापदाने फुत्कार टाकावा तसा आवाज करत पडद्यात शिरते ती बस! ब्रेकच्या हवेचा तो आवाज असतो. प्रेक्षक खुर्चीत उडतात. पडद्यावर धोकादायक असे काहीच आलेले नाही, तरी मागच्या मिनिटभराने मस्तिष्कस्तंभ पुरता तयार करून ठेवलेला असतो. पुढे ल्यूटन यांच्या मंडळींत अशा कोणत्याही युक्तीला ‘बस’ हेच नाव पडले.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. जीव टांगणीला लागण्यासाठी काय लागते? बॉम्ब टेबलाखाली आहे हे लक्षात ठेवावे लागते. त्या दोघांना ते माहीत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. पुढे काय होईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक नव्या हालचालीनंतर तो बदलावा लागतो. (मराठीत आपण रहस्य आणि उत्कंठा यांची सरमिसळ करतो. राजा परांजपे यांच्या १९६४ च्या ‘पाठलाग’मध्ये मृत पत्नीसारखी दिसणारी ती स्त्री कोण, हे नायकालाही कळत नाही आणि आपल्यालाही, ते रहस्य. हिचकॉक यांना प्रिय असलेल्या प्रकारात आपल्याला पात्रापेक्षा अधिक माहिती असते.) हे मस्तिष्कस्तंभाचे काम नव्हे. त्यासाठी मेंदूचा बाह्य थर, विशेषतः कपाळामागचे आणि त्याच्याशी जोडलेले माथ्याकडचे भाग, जागे असावे लागतात.

हिचकॉक यांनी १९६१ साली दूरचित्रवाणीसाठी ‘बँग! यू आर डेड’ नावाची एक छोटी कथा दिग्दर्शित केली. एका लहान मुलाला काकाच्या बॅगेत खरे पिस्तूल सापडते. ते खेळण्यातले आहे असे समजून तो त्यात गोळी भरतो आणि गावभर ‘ठो, ठो’ करत हिंडतो. मोठी माणसे हसून हात वर करतात. गोळी आत आहे हे एकट्या प्रेक्षकाला माहीत! म्हणजे टेबलाखालचा तो बॉम्बच, फक्त चालताबोलता.

२००८ साली उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात झोपवून ही कथा दाखवली. मेंदूच्या बाह्य थराच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात निरनिराळ्या प्रेक्षकांचे चढउतार एकमेकांशी जुळले. एका उद्यानात कॅमेरा नुसता ठेवून केलेल्या चित्रणाच्या बाबतीत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी भरले. यावरून कोणती कलाकृती श्रेष्ठ, हे ठरत नाही. दिग्दर्शकाची प्रेक्षकाच्या लक्षावर किती पकड आहे, एवढेच त्यातून कळते.

या पकडीचा एक अनपेक्षित उपयोग कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठातल्या लॉरीना नाची, एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मेंदूला जबर इजा झालेले काही रुग्ण डोळे उघडतात, झोपतात, जागे होतात. पण हाकेला ओ देत नाहीत, सांगितले तरी बोट हलवत नाहीत. आत कोणी आहे की नाही? घरच्यांना वर्षानुवर्षे छळणारा हा प्रश्न असतो. मोठ्या आवाजाने असा रुग्ण दचकला तरी त्यावरून काही ठरत नाही. डॉक्टर त्याची नोंद केवळ प्रतिक्षिप्त क्रिया अशी करतात. का, ते वर आलेच आहे.

मग या संशोधकांनी हिचकॉक यांची तीच कथा कापून सुमारे आठ मिनिटांची केली आणि निरोगी माणसांना दाखवली. उत्कंठा जिथे ताणली जाते तिथे त्यांच्या कपाळामागच्या आणि माथ्याच्या भागांतील क्रिया वाढत होती. नंतर तीच फिल्म प्रतिसाद न देणाऱ्या दोन रुग्णांना दाखवण्यात आली. एकाच्या मेंदूत तसे काही आढळले नाही. दुसरा ३४ वर्षांचा होता आणि १६ वर्षे त्याने कसलाच प्रतिसाद दिलेला नव्हता. त्याच्या मेंदूतील त्या भागांचा आलेख निरोगी प्रेक्षकांच्या आलेखाबरोबर चढत-उतरत गेला. मुलाच्या हातातले पिस्तूल खरे आहे आणि ते मोठ्यांना माहीत नाही, हे तो समजत होता, असाच याचा अर्थ संशोधकांनी लावला. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. आलेख जुळला नाही म्हणजे जाणीव नाहीच, असे मात्र उलट बाजूने म्हणता येत नाही. रुग्णाला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, किंवा त्या वेळी तो झोपेत असेल.

वर्गात काय करता येईल? मोठ्या विद्यार्थ्यांसाठी एखादा जुना उत्कंठावर्धक प्रसंग निवडावा. तो एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह दाखवावा. दर अर्ध्या मिनिटाला थांबवून विद्यार्थ्यांना तीन रकाने भरायला सांगावेत: या क्षणी कोणाला काय माहीत आहे, आपल्याला काय माहीत आहे, आणि पुढे काय होईल असे वाटते. मोबाइलवर प्रसंग पुढे सरकवत पाहण्याची सवय असलेल्या मुलांना हे आरंभी जड जाते, कारण ज्या ‘रिकाम्या’ जागा ती गाळतात तिथेच खरे काम चाललेले असते. लहान वर्गांना मात्र यातून वगळावे. ‘हे खोटे आहे’ ही समजूत लहान मुलांची भीती पुरेशी कमी करत नाही. १९९९ सालच्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे ९० टक्के महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहानपणी किंवा किशोरवयात पाहिलेल्या एखाद्या दृश्याची भीती पुढेही टिकल्याचे सांगितले होते. मोठ्यांतही ज्याला बाहेर जायचे असेल त्याला कारण न विचारता जाऊ द्यावे.

आणखी एक गंमत. प्रसंग चालू असताना जोडीदाराच्या मनगटाची नाडी मोजायला सांगा. उत्कंठेने छाती धडधडते, अशी सर्वांची खात्री असते. प्रत्यक्षात श्वास रोखून वाट पाहताना काहींची नाडी मंद झालेली आढळेल, आणि ‘बस’ येऊन गेल्यावर ती उसळेल. मांजराची चाहूल लागताच जागच्या जागी थिजणाऱ्या उंदराच्या हृदयाचे काय होते, हे पुस्तकात शोधून आणायला सांगून पुढचा तास तिथून सुरू करता येईल.