वीस लिटरच्या जारमध्ये किती रुपये?

पिण्याच्या पाण्याचा तो निळा जार तुम्ही पाहिलाच असेल. वीस लिटरचा. तो रिकामा करून त्यात फक्त एक रुपयाची नाणी तोंडापर्यंत ओतली, तर किती मावतील? पुढे वाचायच्या आधी एक आकडा कागदावर लिहून ठेवा. आणि हो, मग तो खोडायचा नाही!

लिहिला? चला तर मग. वीस लिटर म्हणजे २०,००० घन सेंटिमीटर. नाणं घेऊ २०११ साली सुरू झालेल्या मालिकेतलं, २२ मिलीमीटर व्यासाचं. (२०१९ नंतरचा रुपया २० मिलीमीटरचा आहे, तो इथे नको.) एका नाण्याची जाडी पट्टीने धड मोजता येत नाही. म्हणून दहा नाणी एकावर एक रचा. उंची भरेल सुमारे दीड सेंटिमीटर. दहाने भागा, एका नाण्याची जाडी मिळाली: दीड मिलीमीटर. आता ३.१४ × १.१ × १.१ × ०.१५. एक नाणं जवळपास ०.५७ घन सेंटिमीटर जागा घेतं. २०,००० भागिले ०.५७, म्हणजे ३५,००० नाणी!

पण थांबा. इतकी नाणी मावायची तर दोन नाण्यांमध्ये जराही फट राहता कामा नये, आणि गोल नाण्यांना ते जमणं शक्यच नाही. टेबलावर एका नाण्याभोवती सहा नाणी चिकटवून ठेवून पाहा. सहाच्या सहा बरोब्बर बसतात, तरी मधे तिकोनी फटी उरतात. सपाट जागेवर गोल नाण्यांची याहून दाट मांडणी होतच नाही, आणि तिच्यातही ९०.७ टक्केच जागा व्यापली जाते.

आपण तर नाणी रचणार नाही, नुसती ओतणार. मग कुणी आडवं पडतं, कुणी तिरकं अडकतं, कुणी उभंच राहतं. त्यांच्यामध्ये भरते हवा. ही हवा किती, हेच या कोड्यातलं खरं गुपित आहे.

या गुपितामागे मोठमोठे शास्त्रज्ञही लागलेत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले पॉल चेकिन यांना ‘एम अँड एम’ या चपट्या चॉकलेट गोळ्या फार आवडायच्या. विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून त्यांच्या खोलीत या गोळ्यांनी भरलेलं भलंमोठं पिंपच आणून ठेवलं! पुढे चेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांवर खरोखरच संशोधन केलं आणि २००४ साली ते प्रसिद्ध झालं. पूर्ण गोल गोळ्या कशाही ओतल्या तर सुमारे ६४ टक्के जागा भरते. थोड्या चपट्या गोळ्यांनी मात्र ६८ टक्क्यांपर्यंत भरते. चपटी गोळी वळून, कलून शेजारच्या फटीत शिरू शकते ना! मला तर हे फारच आवडलं.

मग नाणं आणखी चपटं, म्हणजे आणखी दाट बसेल? उलटंच होतं. फार चपट्या वस्तू एकमेकींना तिरक्या अडवून धरतात. ओतलेली नाणी साधारण ५० ते ६० टक्केच जागा भरतात. म्हणजे आपल्या जारमध्ये साडेसतरा ते एकवीस हजार नाणी. एकाचं वजन ३.७९ ग्रॅम, तेव्हा सगळ्यांचं ६५ ते ८० किलो. एका धडधाकट मोठ्या माणसाइतकं! जार उचलायला जाऊ नका.

हे तपासायचं कसं? इतके रुपये कुणाकडे असणार! म्हणून रुपयांऐवजी चिंचोके घ्यायचे आणि लहानावरून मोठ्याचा अंदाज बांधायचा. एक लिटरचा डबा घ्या, त्यात चिंचोके ओता, मोजा आणि वीसने गुणा, म्हणजे जारमध्ये किती चिंचोके मावतील ते कळेल. पेला घेऊ नका बरं का. भिंतीलगत नेहमी जास्त फटी राहतात, आणि भांडं लहान असलं की त्यातली बरीचशी जागा भिंतीलगतचीच असते. त्यामुळे पेल्यावरून बांधलेला अंदाज कमी येतो.

आता तुमचा कागद काढा. लिहिलेला आकडा किती होता? घरातल्या सगळ्यांनाही हाच प्रश्न विचारा, त्यांचे आकडे आणि तुमचा चिंचोक्यांचा हिशोब एकाच पानावर लिहा आणि आम्हाला नक्की पाठवा.