पंक्चर निघालं, पण दिवा काही विझेना!

टायरमधली हवा तपासायची आपली परंपरागत पद्धत सर्वांना ठाऊक आहे. गाडी स्टँडवर लावायची आणि टायरला एक लाथ मारायची! पाय दुखला तर हवा भरपूर, नाही दुखला तर पंप गाठा. आता मात्र बऱ्याच मोटरसायकलींवर टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजेच टीपीएमएस, असते. कधी ती कंपनीतून येते, कधी आपण बाहेरून बसवतो. मीटरवर दोन्ही टायरचा आकडा दिसतो आणि हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो.

पण पंक्चर काढून आणल्यावर हाच दिवा लागून राहिला तर? आमच्या होस्टेलवर एका मित्राच्या गाडीला नेमकं हेच झालं. मागच्या टायरमध्ये गेजवर ३२ पीएसआय, मीटरवर २१! दुसऱ्या दिवशी सप्तशृंगी गडावर जायचं होतं. मित्राने उपाय शोधला: दिव्यावर काळी चिकटपट्टी. मी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दोस्ताने त्याला थांबवलं आणि संध्याकाळ त्या चाकापाशी घालवली. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

हा दिवा आला कुठून?

पोर्शे ९५९ या मोटारीत अशी सोय १९८६ मध्येच होती, पण ती श्रीमंतांची चैन. चित्र बदललं ते २००० साली. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा थर धावताना सुटून गाड्या उलटल्या, अडीचशेहून अधिक माणसं गेली. टायरमधली कमी हवा हे त्यामागचं एक कारण होतं. त्याच वर्षी तिथे ट्रेड कायदा झाला आणि पुढे मोटारींना टीपीएमएस सक्तीचं झालं. आपल्याकडेही २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या छोट्या मोटारीला स्टेपनीची सक्ती नाही. मोटरसायकलला तर स्टेपनी नसतेच, आणि टेकायला चार चाकंही नसतात! म्हणून हा दिवा आपल्याला जास्त कामाचा.

आत असतं तरी काय?

सेन्सर दोन प्रकारचे. एक व्हॉल्व्हच्या टोकाला टोपीसारखा बसतो, दुसरा टायरच्या आत, रिमवर व्हॉल्व्हला जोडलेला. आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून दाब मोजला जातो. सोबत तापमानाचा सेन्सर, बटन सेल आणि छोटा ट्रान्समीटर (४३३ मेगाहर्ट्झ किंवा ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झ). प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. मीटर फक्त ओळखीच्या क्रमांकाचंच ऐकतं.

सेल वाचावा म्हणून उभ्या गाडीत बरेच सेन्सर झोपतात. चाक फिरलं की जागे होतात. हिशोब करून पाहू. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर कोनीय वेग ६६.७ रेडियन प्रति सेकंद. केंद्रापासून ०.२ मीटरवरच्या सेन्सरला सुमारे ८९० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळजवळ ९० जी! १० ग्रॅमची टोपी त्या वेगाला ९०० ग्रॅमची भासते. म्हणून टोपीवाला सेन्सर जुन्या, तडकलेल्या रबरी व्हॉल्व्हवर कधीच लावू नका.

शोधायचं कसं?

पहिला नियम: आधी टायर, मग सेन्सर. टायर थंड असताना साध्या हातगेजने दाब मोजा. गेजही कमी दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतोय! साबणाचं पाणी घ्या आणि पंक्चरची जागा, व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हचं बूड आणि रिमची कड तपासा. बुडबुडे आले तर परत पंक्चरवाल्याकडे. टोपीवाला सेन्सर व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवतो, त्यामुळे त्याचं रबरी वायसर कापलं गेलं की तिथूनच हवा जाते.

गेज बरोबर असेल तर मीटर काय दाखवतंय ते बघा.

आकड्याच्या जागी नुसत्या रेघा: दहा मिनिटं गाडी चालवा, सेन्सर झोपलेला असू शकतो. तरी रेघाच, पण पुढच्या चाकाचा आकडा येतोय? म्हणजे रिसीव्हर ठीक आहे, दोष मागच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या नोंदणीत. नवा सेन्सर टाकला असेल तर त्याचा क्रमांक मीटरला शिकवावा लागतो. टायर सोडवताना लिव्हर व्हॉल्व्हजवळ घातला गेला असेल तर सेन्सर फुटलेलाही असू शकतो.

पुढचा आकडा मागे, मागचा पुढे: टोप्यांची अदलाबदल झाली. पुढच्या टायरची थोडी हवा सोडा, कुठला आकडा उतरतो ते बघा. खुलासा लगेच होतो.

आकडा अडकलेला: ही आमची केस. उभ्या गाडीच्या मागच्या टायरमधून ५ पीएसआय हवा सोडली. गेज ३२ वरून २७ वर आला. चक्कर मारून आलो, मीटर २१ वरच! म्हणजे सिग्नल येत होता, पण टायरमधली हवा त्या पडद्यापर्यंत पोचतच नव्हती. टायर उघडला तेव्हा कळलं की पंक्चर काढताना आत सीलंट ओतलं होतं आणि सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं, आकडा परत आला. भोकात टाचणी घालायची नाही, पडदा फाटतो. सीलंट घट्ट वाळलं असेल तर सेन्सर बदलणं हाच उपाय.

आता विचार करा. तो २१ वर अडकला म्हणून दिवा लागला. तोच ३२ वर अडकला असता, तर गडाच्या वळणावर टायर बसेपर्यंत मीटर "सब ठीक" म्हणत राहिलं असतं!

नाशिककरांसाठी खास

सगळा फरक म्हणजे बिघाड नव्हे. थंडीत दुपारी ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १० वर आला, तर काय होईल? वातावरणाचे १३.७ मिळवून ४६.७, गुणिले २८३ भागिले ३०३, बरोबर ४३.६. त्यातून १३.७ वजा केले की उरतात सुमारे ३०. छिद्र नाही, तरी ३ पीएसआय गायब! शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथला वातावरणाचा दाब मुंबईपेक्षा जवळपास १ पीएसआयने कमी. काही सेन्सर निरपेक्ष दाब मोजून त्यातून समुद्रसपाटीचा ठराविक आकडा वजा करतात. असा सेन्सर इथे गेजपेक्षा १ पीएसआय कमी दाखवणारच.

तेव्हा पंक्चर काढायला गेलात की आधीच सांगा, "दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या बाजूने लिव्हर घालू नका, सीलंटही नको." काम झाल्यावर गेजचा आणि मीटरचा आकडा तिथेच ताडून पाहा. साधा हातगेज डिकीत ठेवा. आणि महिन्यातून एकदा हवा सोडून मीटर हलतंय का तेही बघा. दिवा लागला तर शंका घ्या, पण कधीच लागत नसेल तरीही घ्या!